सीलबंद सोडा

“हे ऐकून तुम्ही मला थापाड्या म्हणाल, ते आधीच सांगून ठेवतो,” ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून बाहीवर खोचत शिंपीकाका म्हणाले. “आजवर चौदा जणांना सांगितली ही गोष्ट. एकानेही विश्वास ठेवला नाही. त्यातला एक तर एकाच बाहीचा सदरा घालून उठून गेला. दुसरी बाही अजून माझ्याकडे आहे.”

ऐकणारे दोघंच होते. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला संगणकवाला स्टुलावर उभा होता, कारण त्याची नवी पँट चार बोटं लांब होती आणि काकांनी तिच्या दोन्ही पायांना टाचण्या लावून ठेवल्या होत्या. त्याची बायको दवाखान्यात नर्स. सगळी इमारत तिला पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणू लागली होती. ती दिवसपाळी संपवून आली होती आणि खुर्चीत बसून जांभया देत होती.

संगणकवाला येताना हातात डाएट सोड्याचा कॅन घेऊन आला होता. पाहुण्याने कॅनला तोंड लावून पिणं बरं दिसत नाही म्हणून काकांनी तो ग्लासात ओतून दिला आणि सहज विचारलं, “आजचा कितवा?”

“चौथा असेल. पण यात काही नसतं हो, काका. शून्य कॅलरी.”

‘शून्य’ म्हटल्याबरोबर काकांनी कात्री खाली ठेवली. कात्री खाली ठेवलेला शिंपी आणि चष्मा पुसायला घेतलेला वकील, या दोघांसमोरून वेळीच उठावं. पण ज्याच्या पायांना टाचण्या आहेत त्याने कुठे जावं?

“नाव सांगणार नाही,” काका म्हणाले. “शब्द दिलाय. पत्ता विचारू नका, तोही सांगणार नाही. आपण नुसतं साहेब म्हणू. मोठ्या मिशांचे साहेब होते.”

मग काकांनी सांगितलं ते असं.

साहेब वजनमापे खात्यात होते. बाजारातले तराजू तपासायचे, मापं तपासायची, बरोबर असतील त्यांना तारेत ओवलेलं शिशाचं सील ठोकायचं आणि खोटी असतील ती जप्त करायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं नोकरी झाली, पण त्यांनी लावलेल्या सिलावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. साहेब रस्त्याने निघाले की दुकानांतले तराजू आपोआप सरळ होत असत. एका वाण्याची मान जन्मापासून डावीकडे कललेली होती, ती साहेबांना पाहून सरळ झाली.

“झाली नसेल,” सिस्टर जांभई अर्धवट ठेवून म्हणाली.

“थोडी राहिली असेल,” काका म्हणाले. “पण झाली.”

साहेबांना एक सवय होती. कुठलंही भांडं हातात आलं की ते डोळ्यांसमोर धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने पातळी वाचायची. ऑफिसात मापाचं भांडं वाचायची हीच रीत. पण ऑफिसातली सवय घरी आली आणि ठाण मांडून बसली. पाणी असो, औषध असो, पाहुण्याकडचं सरबत असो, साहेब आधी डोळा मिटायचे, मग “दीडशे, फेस सोडून” असं म्हणायचे आणि मगच प्यायचे. लग्नाआधी मुलगी पाहायला गेले तेव्हाही कप वर धरून डोळा मिटला. मुलीकडच्यांचा गैरसमज झाला आणि लग्न ठरलं.

ती मुलगी, म्हणजे साहेबांची बायको, घरी शिवणकाम करायची. तिच्याबद्दल काय सांगावं! चेहऱ्यावर असं तेज की ती दिवा न लावता सुईत दोरा ओवायची. सहनशील तर इतकी की धरित्रीने शिकवणी लावावी. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती एक अक्षर बोलायची नाही. बोलणार कशी? ओठांत कायम टाचण्या.

“म्हणजे तुमच्यासारखंच काम करायची?” सिस्टरने विचारलं.

“काम तेच. पण माझ्याहून हात सफाईदार,” काका विनयाने म्हणाले.

तर हे साहेब दिवसाला सहा कॅन डाएट सोडा प्यायचे. सकाळी फाइल उघडायच्या आधी एक, मग दर दोन तासांनी एक, आणि रात्री जेवणानंतर एक, तो ‘पचायला’. चौदा वर्षं हा नेम चालू होता. कारण कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: शून्य. वजनमापेवाल्या माणसाला शून्याइतकं पवित्र काही नाही. तराजू तपासायचा तर आधी काटा शून्यावर आणतात. काटा शून्यावर असेल तर पुढचं सगळं खरं. साहेब म्हणायचे, “जगात सगळीकडे काही ना काही घातलेलं असतं. ही एकच वस्तू अशी आहे की जिच्यात काही नाही आणि तसं ते स्पष्ट लिहून देतात.” पीत असताना मिशांना फेस लागायचा. तोही ते हिशेबातून वजा करायचे.

पण हळूहळू साहेबांचा हात थरथरू लागला. आधी बारीक, मग चांगलाच. शेवटी शेवटी तर असं झालं की चहात साखर टाकून कप नुसता हातात धरला की साखर आपोआप विरघळायची. घरातला चमचा दोन वर्षं कोरडा होता. बायकोला हे दिसत होतं. पण ओठांत टाचण्या.

मग आली वार्षिक तपासणी. खात्यात एका काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू असतो. त्यावर वर्षातून एकदा मूळ वजनं चढवून पाहतात. ही मूळ वजनं म्हणजे साऱ्या वजनांची आजी. बाजारातलं प्रत्येक वजन तिच्यावरून जोखलेलं. तिला हात लावायचा नाही, कारण बोटाच्या घामालासुद्धा वजन असतं. चिमट्याने उचलायचं, श्वास रोखायचा आणि अलगद ठेवायचं. एकतीस वर्षं हे काम साहेब स्वतः करत आले होते. सहा महिन्यांवर निवृत्ती होती, म्हणजे ही शेवटची तपासणी. तर त्या दिवशी चिमटा पुढे गेला आणि पेटीत असा किणकिणाट सुरू झाला की शिपाई घंटा वाजली समजून आत आला.

मदतनीस खाली मान घालून म्हणाला, “साहेब, तराजू स्थिर आहे. हलतंय ते दुसरंच काहीतरी.”

हे सगळं दारात उभं राहून पाहत होते शेजारच्या विभागाचे अधिकारी. त्यांना सगळं खातं अंदाजेसाहेब म्हणायचं. वजनमापे खात्यात राहून हा माणूस प्रत्येक वाक्यात ‘अंदाजे’ म्हणायचा. वजन अंदाजे किलोभर, वेळ अंदाजे अकरा, मुलं अंदाजे तीन. तो मिशीत हसला आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कशाला त्रास घेता या वयात? यंदाचं मी करून टाकतो. अंदाजे अर्ध्या तासाचं काम.”

साहेबांचा चेहरा उतरला. चोरी पकडली असती तरी एवढं लागलं नसतं. एकतीस वर्षं जपलेल्या वजनांना आता हा अंदाजे मनुष्य चिमटा लावणार! साहेब एवढंच म्हणाले, “तीन आठवडे द्या. तिसऱ्या सोमवारी, दहा वाजता, मीच करीन.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर चिमटा तुमच्या हातात देईन.”

साहेब तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी हात पाहिला, जीभ पाहिली, दात पाहिले आणि दिवसाला किती कॅन ते ऐकून पेन खाली ठेवलं. म्हणाले, “अहो, साखर नाही, पण कॅफिन आहे ना! रात्री झोप नाही म्हणून दिवसा पिता आणि दिवसा पिता म्हणून रात्री झोप नाही. हात थरथरणार नाही तर काय करील? आणि हे दात. साखर नसली तरी सोडा आंबटच. वरचं कवच झिजलंय.”

“पण वजन तर वाढत नाही ना?” साहेबांनी आशेने विचारलं.

“त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. तुमच्यापुरतं सांगतो. सोड्यात शून्य, म्हणून सोबतची बिस्किटं तुम्ही मोजत नाही.”

मोजत नाही! एकतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द साहेबांना कोणी ऐकवला नव्हता. ते तसेच घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू कमी करा, एकदम सोडलंत तर डोकं धरेल. साहेबांनी त्यांना तिथेच उत्तर दिलं होतं, “डॉक्टर, काटा हळूहळू शून्यावर आणत नाहीत. एकदम आणतात.”

“इथे डॉक्टरांचं बरोबर होतं,” सिस्टर म्हणाली. आता ती सरळ बसली होती. “हळूहळूच सोडायला हवं होतं.”

“साहेबांना सांगा की,” काका म्हणाले. “बायकोने सांगितलं असतं. पण टाचण्या.”

पहिल्या दिवशी संध्याकाळी साहेब भानावर आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटासमोर उभे होते. हात कपाटाच्या मुठीवर होता. खालच्या कप्प्यात त्रेचाळीस कॅन शिल्लक होते. साहेब स्वतःशीच म्हणाले, “नुसती तपासणी करत होतो.” पण म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. साहेब पुरते घाबरले. ज्याने जन्मभर दुसऱ्यांवर पहारा ठेवला त्याला कळलं की आता स्वतःवर ठेवायची वेळ आलीय.

मग त्यांनी जे केलं ते वजनमापे खात्यातलाच माणूस करू जाणे. ऑफिसची पिशवी आणली, कपाटाच्या दोन्ही मुठींतून तार ओवली, तिला शिशाची गोळी अडकवली आणि पक्कडीने दाबून सरकारी सील ठोकलं. एवढ्यावर थांबले असते तर ते साहेब कसले? सील लावलं की नोंद करायची असते. त्यांनी वही उघडली. मालकाचं नाव, तिथे स्वतःचं लिहिलं. मालाचं वर्णन, तिथे ‘डाएट सोडा, नग त्रेचाळीस’. गुन्ह्याचं स्वरूप, इथे ते जरा थांबले आणि मग प्रामाणिकपणे लिहिलं: ‘अतिसेवन’. सही केली आणि एक प्रत रीतसर वरच्या कार्यालयात पाठवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून डोकं सुरू झालं. डोकं असं ठणकायचं की शेजारची बाई दार वाजतंय समजून तीनदा दार उघडून गेली. साहेब उठसूट चिडायचे. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्याला नोटीस देईन म्हणाले. एकदा बायकोला म्हणाले, “तू शिवतेस तेव्हा दोरा फार आवाज करतो.” ती बिचारी दोरा चोरपावलांनी ओढू लागली.

आणि मग शेजारी आले. शेजाऱ्याला दुसऱ्याचं दुखणं म्हणजे घरबसल्या तमाशा. तळमजल्यावरचे गायनमास्तर म्हणाले, “खालचा सूर लावून बसा, डोकं त्यात विरघळतं.” साहेबांनी सूर लावला. तो इतका खालचा लागला की पाण्याच्या टाकीचं झाकण सरकलं आणि डोकं होतं तिथेच राहिलं. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, “सोड्याऐवजी कडक कॉफी घ्या, चांगली मोठी.” म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात! निवृत्त मुख्याध्यापकांनी काकडी सांगितली. डोक्याला लावायची की खायची हे विसरून आले होते. ते विचारायला घरी गेले, ते झोपूनच गेले. इमारतीच्या सेक्रेटरीने तर जिन्यात पाटी लावली: ‘एका सभासदाच्या डोक्यासाठी सर्वांनी हळू चालावे.’ नाव नव्हतं, पण जाणारा-येणारा प्रत्येक जण चवड्यांवर चालत साहेबांच्या दारापर्यंत यायचा आणि विचारायचा, “कसं आहे डोकं?”

साहेबांना डोकेदुखीचं काही वाटलं नाही. पण ज्याच्यापुढे बाजार उभा राहायचा, त्याच्या डोक्याची पाटी जिन्यात लागावी! त्यांनी स्वतः जाऊन पाटीचं माप घेतलं आणि अक्षरं ठरलेल्या आकारापेक्षा लहान आहेत असं सेक्रेटरीला लेखी कळवलं.

सात दिवस डोकं दुखलं. आठव्या दिवशी साहेब सकाळी उठले आणि घरात भयंकर शांतता होती. दुखणं गेलं होतं. त्या रात्री ते असे गाढ झोपले की त्यांच्या घोरण्यावर गायनमास्तरांनी तंबोरा जुळवून घेतला. पुढे बिस्किटंही सुटली. सोडा नाही तर सोबत कोणाची करायची, म्हणून ती आपोआपच मागे पडली. आणि बाराव्या दिवशी सकाळी, ऐका बरं का, साहेबांनी चहात साखर टाकली, कप हातात धरला, वाट पाहिली. साखर तळाशी तशीच!

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने उठून दोन वर्षं कोरडा पडलेला चमचा आणून दिला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ओठांतली एक टाचणी हलली नाही.

काकांनी गळ्यातल्या टेपच्या टोकाने डोळ्याची कड पुसली.

“मग जमलं की!” स्टुलावरून संगणकवाला म्हणाला. त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. “संपली ना गोष्ट?”

“संपते कसली? इथेच तर सुरू होते.”

झालं असं की तिसरा सोमवार तीन दिवसांवर आला तेव्हा साहेबांनी मूळ वजनांच्या कपाटाची किल्ली शोधायला घेतली. ही किल्ली फक्त त्यांच्याकडेच असायची. ती ते बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ठेवायचे. आणि तो डबा कुठे ठेवायचे? जिथे दिवसातून सहा वेळा हात जातो, म्हणजे कधी विसरायला होणार नाही, अशा जागी. कॅनच्या मागे, खालच्या कप्प्यात. सिलाच्या आत!

बायकोने काही न बोलता कात्री पुढे केली. एक कट, की तार मोकळी. साहेब ओरडले, “ठेव ती खाली! सरकारी सील आहे!” गायनमास्तर म्हणाले, कपाट मागून उघडू, बिजागऱ्या काढू, सील जागच्या जागी राहील. औषधवाल्याने तर पेचकसही आणला. तेव्हा साहेब जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणजे, मी तसं ऐकलंय. ते म्हणाले, “मास्तर, सील म्हणजे तार नव्हे. सील म्हणजे शब्द. पाठीमागून उघडणाऱ्या दुकानदारांना मी एकतीस वर्षं पकडत आलोय.”

साहेब वरच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून म्हणाला, “सील काढायचं तर मालकाचा अर्ज लागेल.”

“मालक मीच.”

“मग करा अर्ज. पण त्यावर सील लावणाऱ्या अधिकाऱ्याचा अभिप्राय हवा.”

“अधिकारीही मीच.”

“मग द्या अभिप्राय.”

साहेबांनी बाकावर बसून स्वतःला अर्ज लिहिला. स्वतःच्या हातून तो स्वीकारला. आणि मग अभिप्राय लिहायला घेतला. आता इथे दुसरा कोणी असता तर दोन ओळींत स्वतःला सोडवून मोकळा झाला असता. साहेबांनी मात्र लिहिलं: ‘अर्जदार सज्जन आहे. अठरा दिवस त्याने मालाला हात लावलेला नाही. तरी कपाट उघडल्यावर तो काय करील याची खात्री देता येत नाही.’

कारकुनाने वाचून मान हलवली. “अभिप्राय प्रतिकूल आहे. अशा वेळी दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर उघडावं लागतं. दोन साक्षीदारही लागतील.”

दुसरा अधिकारी म्हणजे कोण? अंदाजेसाहेब!

रविवारी सकाळी अंदाजेसाहेब घरी आले. साक्षीदार गायनमास्तर आणि औषधवाला. बाकी इमारत जिन्यात, चवड्यांवर. अंदाजेसाहेबांनी वही उघडून मोठ्याने वाचलं: “गुन्ह्याचं स्वरूप, अतिसेवन.” जिन्यात कोणीतरी हसलं. साहेबांची मान ताठ ती ताठच. सील तपासलं गेलं. अखंड होतं. तार कापली. दार उघडलं. ओळीने सगळे कॅन.

“अंदाजे चाळीस,” अंदाजेसाहेब म्हणाले.

“त्रेचाळीस,” साहेब म्हणाले.

मागून डबा निघाला, डब्यातून किल्ली निघाली. आता खरं म्हणजे काम झालं होतं. पण अंदाजेसाहेबांनी किल्ली आपल्या हातात धरून ठेवली आणि एक कॅन उचलला. “माल चांगला आहे का याचा नमुना तपासायला हवा,” ते म्हणाले आणि त्यांनी कॅन उघडला.

तो आवाज! वीस दिवसांनी तो फस्सकन् आवाज साहेबांच्या कानात शिरला आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत गेला. तोंडाला पाणी सुटलं. हाताची करंगळी किंचित हलली. बायकोला ती दिसली. अंदाजेसाहेबांनाही दिसली. त्यांनी पिशवीतून काचेचं मापाचं भांडं काढून टेबलावर ठेवलं.

“उद्याचं आजच पाहून टाकू,” ते म्हणाले. “शंभरच्या खुणेपर्यंत ओता. थेंब सांडला किंवा खूण चुकली तर किल्ली माझ्याकडे. मग उद्या तुम्ही आराम करा.”

जिन्यातल्या एका बाईने कडेवरच्या पोराचं तोंड दाबून धरलं. साहेबांनी कॅन उचलला. भांडं उजव्या डोळ्यासमोर येईल एवढे वाकले. डावा डोळा मिटला. आणि ओतायला सुरुवात केली. धार अशी, की मशीनमधून सरळ टीप निघावी. फेस वर आला, खुणेच्याही वर गेला. अंदाजेसाहेब खूश होऊन म्हणाले, “अंदाजे एकशे वीस.”

“थांबा,” साहेब म्हणाले. “फेस सोडून.”

फेस हळूहळू बसला. एकेक बुडबुडा फुटला. पातळी शंभरच्या खुणेवर येऊन अशी टेकली, जशी पाखरू तारेवर बसतं. टेबलावर एक थेंब नाही.

अंदाजेसाहेबांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग हळूच म्हणाले, “शंभर.” नोकरीत पहिल्यांदाच अंदाजे म्हणाले नाहीत. पण हार मानायची नाही म्हणून पुढे म्हणाले, “बरं, नमुना वाया कशाला घालवता? प्या आता. सगळे साक्षीला आहेत, आजचा एक माफ.”

साहेबांनी भांडं उचललं. मिशीपर्यंत नेलं. गायनमास्तरांनी डोळे मिटले. आणि साहेब तसेच वळले, मोरीपाशी गेले आणि दोऱ्यासारखी बारीक धार धरून शंभरच्या शंभर ओतून दिलं. मग परत येऊन दुसरा कॅन उघडला. मग तिसरा. त्रेचाळीसही, स्वतःच्या हाताने, एकेक मोजून. त्यानंतर तीन दिवस इमारतीचं गटार ढेकर देत होतं.

“ढेकर?” सिस्टर म्हणाली.

“दोन दिवस. जाऊ दे.”

सोमवारी दहा वाजता साहेबांनी मूळ वजनं चिमट्याने अशी ठेवली की पेटीतल्या हवेलाही पत्ता लागला नाही. सगळी वजनं तंतोतंत. साहेब घरी आले, पिशवी ठेवली आणि फक्त हात पुढे केला. त्या बाईने तो हात पाहिला. अभिमानाने तिची छाती अशी फुगली की अंगातले सगळे कपडे दोन इंच सैल करावे लागले.

“काहीतरीच!” संगणकवाला हसला.

“काहीतरी कसं? मी स्वतः टेप लावून मोजलं!” काका उसळून म्हणाले आणि एकदम गप्प झाले. “म्हणजे... शिंप्याशिंप्यांत कळतं ते.”

सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्यांच्या बाहीवरच्या टाचण्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि काकू फिरून आल्या. सडपातळ, ताठ चालीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी चपला भिंतीला समांतर लावल्या. दोघी पहिल्यांदाच एकमेकींना भेटत होत्या, म्हणून सिस्टरने उठून नमस्कार केला.

“बसा, बसा. अहो, त्याला अजून स्टुलावरच ठेवलंय?” काकू म्हणाल्या. “पँट होते की नाही आज?”

“होतेय, होतेय. जरा बोलत होतो.”

“ते जिन्यात ऐकू आलं.”

मग काकूंची नजर टेबलावरच्या ग्लासाकडे गेली. त्यांनी तो उचलला, डोळ्यांसमोर धरला, डावा डोळा मिटला.

“एकशे चाळीस,” त्या म्हणाल्या. “फेस सोडून.” आणि स्टुलावरच्या संगणकवाल्याकडे वर पाहून विचारलं, “हवाय का हा तुला?”

त्याने मान नाही अशी हलवली. काकू मोरीपाशी गेल्या आणि दोऱ्यासारखी बारीक धार धरून ग्लास रिकामा केला. सिस्टर त्या हाताकडे पाहत होती. रोज इंजेक्शनं भरणारी बाई ती, तिला हात कळत होते. एक थेंब काठाला लागला नाही. काका मान खाली घालून घाईघाईने टाचण्या ओठांत धरू लागले. पण त्यांची छाती फुगत चालली होती आणि सदऱ्याचं वरचं बटण आता तुटेल की मग, असं झालं होतं.

“काका!” सिस्टर ताडकन उभी राहिली. “साहेब म्हणजे ह्याच, हे मी मान्य करते. मिशा तुम्ही चिकटवल्यात, तेही सोडून देते. सील खरं, चमचा खरा, तो हात तर आत्ता डोळ्यांनी पाहिला. पण जन्मात एक अक्षर न बोलणारी ती बायको म्हणजे तुम्ही? खोटं! साफ खोटं!”